अर्जदार कोण? : स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्याचे एक वाचन

कायद्याची चिकित्सा वकिलांनी करावी आणि कथा-कवितांची चिकित्सा आपण करावी, अशी एक सोयीची वाटणी आपल्याकडे रूढ झालेली आहे. दलित साहित्याच्या चळवळीने ती कधीच मान्य करायला नको होती. ज्या समाजाचे जगणे शतकानुशतके एका स्मृतिग्रंथातील कलमांनी जखडून ठेवले, त्या समाजातील लेखकाला कायदा हे परके वाङ्मय कसे काय वाटू शकते? 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, ते ती संहिता वाचून, तिच्यात कोण कर्ता आहे आणि कोणाला केवळ शिक्षेपुरते स्थान आहे हे नीट समजून घेऊन झाले. प्रत्येक कायद्यात एक नायक असतो. त्याच्या इच्छेने कलमे हलतात. आणि काही माणसे अशी असतात की ज्यांच्या आयुष्यावर त्या कायद्याचा सर्वाधिक परिणाम होणार असतो, पण संहितेत मात्र त्यांचा पत्ता नसतो. 'महाराष्ट्र स्वयंअर्थसहाय्यित शाळा (स्थापना व विनियमन) अधिनियम, 2012' हा कायदा मी या दृष्टीने वाचला. 2013 चा पहिला महाराष्ट्र अधिनियम म्हणून तो आला. या राज्यात नवी खाजगी शाळा काढण्यासाठी कोणी, कोणाकडे, कसा अर्ज करायचा हे त्याने ठरवून टाकले.

आधी त्याच्या नावाबद्दल. 'स्वयंअर्थसहाय्यित' हा शब्द ऐकल्यावर वाटते की कोणी उदार संस्था स्वतःच्या गाठीचा पैसा घालून मुलांना शिकवीत आहे. प्रत्यक्षात या 'स्वयं'मध्ये संस्थेचे स्व किती आणि पालकांचे किती? इमारतीचे कर्ज फीतून फिटते, शिक्षकाचा पगार फीतून निघतो, बसचे भाडे वेगळे, गणवेश-वह्या शाळेने सांगितलेल्या दुकानातून. या शाळेला पालकअर्थसहाय्यित म्हटले असते तर कायद्याचे नाव निदान खरे ठरले असते. पण मग 'पालकाकडे अर्थ नसेल तर काय?' हा प्रश्न शीर्षकातच उभा राहिला असता.

या कायद्याचा नायक आहे अर्जदार. 2012 च्या मूळ संहितेत अर्जदार म्हणजे नोंदणीकृत न्यास, नोंदणीकृत संस्था, किंवा 1956 च्या कंपनी कायद्याच्या कलम 25 खालील कंपनी, म्हणजे नफा भागधारकांत वाटता येत नाही अशी कंपनी. त्याच्याजवळ जमीन हवी, मालकीची किंवा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतलेली. त्याच्याजवळ आर्थिक बळ हवे. आणि शासनाकडे अनुदान कधीही मागणार नाही हे त्याने मान्य केले पाहिजे. एवढे असले की तो महाराष्ट्रात कुठेही, कोणत्याही माध्यमाची शाळा मागू शकतो. पूर्वी कुठे शाळा कमी आहेत ते पाहून बृहत् आराखडा करायचा आणि त्यानुसार परवानगी द्यायची, अशी निदान कागदावर तरी भाषा होती. त्या आराखड्यातही राजकारण्यांच्या संस्थांचीच वर्णी लागे हे खरे, तथापि 'या वस्तीला शाळेची गरज आहे काय?' हा प्रश्न तिथे विचारावा लागत होता. नव्या रचनेत प्रश्न बदलला. आता विचारायचे ते एवढेच : 'अर्जदाराची ऐपत आहे काय?'

मग 2017 चा डिसेंबर उजाडला. हिवाळी अधिवेशन नागपुरात होते. नागपूर कराराने विदर्भाला दिलेल्या आश्वासनांपैकी जे थोडेफार पाळले जाते त्यातले हे एक. या अधिवेशनात कायद्याला दुरुस्ती झाली आणि अर्जदाराच्या व्याख्येतील ना-नफ्याची अट गळून पडली. आता कोणतीही कंपनी शाळा काढू शकते. त्याच सुमारास दहापेक्षा कमी पटाच्या 1314 सरकारी शाळा बंद करण्याचा निर्णय राज्यात गाजत होता. विरोधकांनी सभागृहात आणि बाहेर पुष्कळ आरडाओरड केली. एका हाताने वाडी-तांड्यावरची शाळा मिटवायची आणि दुसऱ्या हाताने कंपनीला अर्जाचा नमुना द्यायचा, या दोन गोष्टी एकाच वाक्यात मांडणारे मात्र फारच थोडे होते.

विधानभवनापासून कळमना फार दूर नाही. संत्र्याचा, मिरचीचा, धान्याचा, भाजीचा एवढा मोठा बाजार विदर्भात दुसरा नाही. पहाटेपासून ट्रक लागतात, अडत्ये येतात, बोली लागते, आणि हे सारे ज्यांच्या पाठीवरून उतरते व चढते ते हमाल आजूबाजूच्या वस्त्यांतून येतात. हमाल-माथाड्यांसाठी महाराष्ट्राने 1969 साली कायदा केला तेव्हा त्या कायद्याचा नायक ओझे वाहणारा माणूस होता, हे येथे आठवण्यासारखे आहे. त्या हमालाच्या वस्तीने, कळमन्याच्या चार-सहा मोहल्ल्यांनी मिळून, 'आम्हाला शाळा पाहिजे' असा अर्ज करायचा ठरवला तर? स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यात त्या अर्जाला जागा नाही. ज्यांच्या राहत्या घराच्या पट्ट्याचाच प्रश्न वर्षानुवर्षे भिजत पडला आहे त्यांनी शाळेच्या जमिनीचा कागद कुठून आणायचा? वस्ती या कायद्यात फार तर ग्राहक म्हणून येते, आणि मूल तर तेवढेही येत नाही. ते फीच्या पावतीवरचे एक नाव आहे.

येथे आम्हाला आपल्या इतिहासातील एक बाई आठवतात. जाईबाई चौधरी तरुणपणी नागपूर-कामठीच्या वाटेवर डोक्यावरून ओझी वाहत. कळमना याच बाजूला आहे. एका मिशनरी बाईंच्या मदतीने त्या शिकल्या, मिशनच्या शाळेत शिक्षिका झाल्या, आणि अस्पृश्य बाई आपल्या मुलांना शिकवते म्हणून सवर्ण पालकांनी गिल्ला केला तेव्हा ती नोकरी गेली. त्यानंतर त्यांनी नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. त्यांच्याआधी किसन फागूजी बनसोडे यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात या शहरात अस्पृश्य मुलींच्या शिक्षणाचा खटाटोप केला होता. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या ग्रंथात जाईबाईंसारख्या कितीतरी स्त्रियांचे काम उजेडात आणले, त्याबद्दल आपण सर्वांनी त्यांच्या ऋणात राहिले पाहिजे. आजच्या कायद्याखाली जाईबाईंनी अर्ज भरला असता तर त्यातला कोणता रकाना त्या भरू शकल्या असत्या? जमीन नाही, ठेव नाही, कंपनी तर नाहीच. असेल तो एक दाखला, शिक्षिकेच्या नोकरीतून जातीमुळे काढले गेल्याचा.

यावर खाजगी शाळांचे वकील लगेच म्हणतील, 'पाहा, जाईबाईंची शाळाही खाजगीच होती! बाबासाहेबांची पीपल्स एज्युकेशन सोसायटीही खाजगी संस्थाच होती!' हा युक्तिवाद आपल्यातील काही नवशिक्षित मंडळीही हल्ली करू लागली आहेत, म्हणून तो खोडून काढणे भाग आहे. 1945 साली स्थापन झालेल्या त्या सोसायटीने 1946 ला मुंबईत सिद्धार्थ आणि 1950 ला औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंदची मुहूर्तमेढ रोवली. पण मिलिंदच्या वसतिगृहात जेवणारा पोरगा आपल्या बापाच्या खिशातून शिकत नव्हता. त्याच्यामागे 1944 पासून सुरू झालेली भारत सरकारची शिष्यवृत्ती होती. संस्था समाजाची आणि खर्चाची जबाबदारी शासनाची, असा तो जोड होता. स्वयंअर्थसहाय्यित शाळेचा कायदा नेमका हाच जोड तोडतो. खाजगी या एका शब्दात दोन्ही कोंबले की भेद दिसेनासा होतो.

बाबासाहेबांनी हा भेद फार आधी स्पष्ट करून ठेवला होता. 12 मार्च 1927 रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी सरकारचे आकडेच सरकारपुढे ठेवले. कला महाविद्यालयांच्या खर्चापैकी 36 टक्के, हायस्कुलांच्या खर्चापैकी 31 टक्के आणि मिडल स्कुलांच्या खर्चापैकी 26 टक्के रक्कम फीतून वसूल होते हे दाखवून, हे शिक्षणाचे व्यापारीकरण आहे, असे त्यांनी बजावले. शिक्षणखाते घेतल्याइतके द्यावे या हिशोबाने चालवता येत नाही, खालच्या वर्गांसाठी शिक्षण शक्य तितके स्वस्त झाले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. शाळेत दाखल होणाऱ्या दर शंभर मुलांपैकी अठराच चौथीपर्यंत पोचतात हेही त्यांनी त्याच भाषणात सांगितले. 26 टक्के फीला ज्यांनी व्यापार म्हटले, त्यांच्याच नावाची कमान नवशाळेच्या फाटकावर उभारून शंभर टक्के फी घेणारे लोक आज आहेत. आपल्यातही आहेत.

जोतीरावांचे हंटर आयोगापुढील 1882 चे निवेदनही या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगे आहे. शेतकऱ्याच्या घामातून आलेल्या करावर उच्चवर्णीयांची मुले शिकतात, हा त्यांचा आरोप सर्वांना पाठ आहे. पण त्याच निवेदनात सरकारने शाळा-महाविद्यालयांतून अंग काढून घेण्याला त्यांनी विरोध केला होता, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. सरकार बाजूला झाले की शिक्षणाचा प्रसार खुंटेल आणि सरकारी शिक्षणातली तटस्थता धोक्यात येईल, हे त्यांनी ओळखले होते. सरकारी शाळेवर इतकी कठोर टीका करणारा माणूस ती शाळा सरकारच्याच हाती राहिली पाहिजे म्हणतो, यात विसंगती नाही. त्यांना माहीत होते की सरकार हटले तर त्या जागी महार-मांगांचा मुलगा येणार नाही.

अमेरिकेतील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल, कारण आपल्याकडील धोरणकर्त्यांना तिकडचे दाखले फार आवडतात. तेथे 1991 साली मिनेसोटा राज्याने सनदी शाळांचा पहिला कायदा केला. या चार्टर शाळा खाजगी मंडळ चालवते, पण पैसा सरकारी असतो आणि विद्यार्थ्याकडून फी घेता येत नाही. वाद होतो तो सनद कोणी द्यायची याचा. 2021 साली आयोवा राज्याने कायदा बदलून संस्थापक गटांना स्थानिक शाळामंडळाला वगळून थेट राज्याच्या शिक्षणमंडळाकडे अर्ज करण्याची वाट मोकळी केली. गावच्या निवडून आलेल्या मंडळाला टाळून वर जाण्याची ही वाट कृष्णवर्णीय वस्त्यांच्या संघटनांना ठाऊक आहे, आणि 2016 साली 'एन.ए.ए.सी.पी.' या त्यांच्या जुन्या संघटनेने सनदी शाळांचा विस्तार थांबवावा अशी मागणी केली होती. दुसरीकडे अनेक कृष्णवर्णीय आयांनी याच शाळांसमोर रांगा लावल्या, हेही सत्य आहे. आपल्याकडचा कायदा त्याहून एक पाऊल पुढे आहे. वर जाण्याची वाट तीच, ग्रामपंचायत किंवा महानगरपालिका तशीच बाजूला, परंतु सरकारी पैसा नाही आणि फीला मुभा. सनदी शाळेत सरकार निदान हिशोब मागू शकते, कारण पैसा त्याचा असतो. येथे कशाच्या जोरावर मागणार?

हा जोर कसला, ते शिक्षकभरतीवरून कळते. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांचा 1977 चा कायदा आणि 1981 चे नियम यांनी मागासवर्गीय शिक्षकांना खाजगी शाळेच्या दारात उभे केले. संस्थाचालक खळखळ करीत, पदे रिकामी ठेवीत, 'योग्य उमेदवार मिळाला नाही' असे लिहून पाठवीत. तरी बिंदुनामावली तपासल्याशिवाय मान्यता नाही आणि मान्यतेशिवाय पगाराचे अनुदान नाही, या एका भीतीने हजारो दलित तरुण शिक्षक झाले, आणि त्यांच्यातूनच आपले कवी, कार्यकर्ते, नियतकालिकांचे वर्गणीदार घडले. अनुदान ही नुसती रक्कम नव्हती. सरकारच्या हातातला तो एक कासरा होता. 2001 साली 'कायम विनाअनुदानित' हे धोरण आले तेव्हाच तो सैल पडला. 2009 मध्ये 'कायम' हा शब्द वगळला गेला, कारण शिक्षक उपाशीपोटी रस्त्यावर उतरले होते. 2012 च्या कायद्याने अर्जाच्या वेळीच अनुदानावर पाणी सोडायला लावून तो प्रश्न पुन्हा उपस्थितच होणार नाही अशी तजवीज केली.

इथपर्यंतचे विवेचन वाचून पुरोगामी मित्र माना डोलावतील. त्यांच्याशीही आमचे भांडण आहे. 'शिक्षणाचे बाजारीकरण थांबवा' असा फलक घेऊन ते उभे राहतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे एक जुनी, गुणी, अनुदानित मराठी शाळा असते. ती कोणाची होती? दया पवारांच्या 'बलुतं'पासून (1978) पुढे आलेली दलित आत्मकथने चाळली तर जुन्या शाळेची आठवण फारशी गोड नाही. दाराबाहेरची जागा, वरून ओतलेले पाणी, शिष्यवृत्तीचा अर्ज फेकून देणारा कारकून, नावामागची जात मोठ्याने वाचणारा मास्तर. अनुदानित संस्थांत नोकरीसाठी किती मोजावे लागतात हेही गावोगावी ठाऊक आहे. त्यामुळे नागपूरच्या पूर्व भागातला हमाल किंवा रेजा म्हणून राबणारी बाई पोटाला चिमटा घेऊन पोरीला 'कॉन्व्हेंट'मध्ये घालते, तेव्हा तिला बाजारीकरणाची बळी म्हणून कीव करणे हा उद्धटपणा होय. आमच्याकडे इंग्रजी शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात, तिथे जोगीण असो वा नसो. त्या बाईचा हिशोब सरळ आहे. ही शाळा फी विचारते, जात विचारत नाही, आणि फी ही गोष्ट ओव्हरटाइम करून, भिशी लावून, कधी मंगळसूत्र गहाण टाकून भागवता येते. जात तशी भागवता येत नाही. या हिशोबातले शहाणपण ज्याला कळत नाही त्याने दलितांच्या शिक्षणावर बोलू नये.

फी विचारणारी शाळा जात विचारत नाही हे पूर्ण खरे नाही, ती ती दुसऱ्या दारातून विचारते, हा भाग निराळा. ते दार म्हणजे पंचवीस टक्क्यांचे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळेत प्रवेशाच्या पहिल्या वर्गात पंचवीस टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांच्या मुलांसाठी ठेवल्या, आणि अनुसूचित जातीचे मूल त्यात आले. स्वयंअर्थसहाय्यित शाळाही त्यातून सुटली नाही. अर्ज करणारा पालक असावा अशी ही एकमेव जागा! शासनाने प्रतिपूर्तीचा दर वर्षाला 17,670 रुपये ठरवला, आणि ती रक्कम वेळेवर येत नाही म्हणून संस्थाचालक कुरकुरू लागले. 9 फेब्रुवारी 2024 रोजी राज्याने अधिसूचना काढली की, खाजगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर त्या खाजगी शाळेला पंचवीस टक्क्यांचे बंधन नाही. शहरात एक किलोमीटरमध्ये महानगरपालिकेची एखादी पडकी शाळा कुठे नसते? मुंबई उच्च न्यायालयाने 6 मे रोजी या अधिसूचनेला स्थगिती दिली, 19 जुलै रोजी ती रद्द केली, आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. पालक आणि काही संघटना कोर्टात गेल्या म्हणून हे झाले. साहित्य संमेलनांत त्या महिन्यांत कोणते ठराव झाले ते मी शोधत बसलो नाही.

पण त्या निकालानेही सारे मिटले असे समजू नये. शिक्षणहक्काचे छत्र आठवीपर्यंतच आहे. पंचवीस टक्क्यांतून शिरलेली मुलगी नववीत गेली की तिच्या नावाने पूर्ण फीची पावती फाटते. आठ वर्षे इंग्रजीत शिकलेल्या त्या मुलीला पुढे दोनच वाटा उरतात : घराने फी भरावी, किंवा तिने नववीला मराठी शाळेत येऊन भूमितीचे शब्द पुन्हा पहिल्यापासून शिकावेत. फी नियंत्रणाचा 2011 चा कायदा आहे, पण त्याखाली दाद मागण्यासाठी नंतरच्या दुरुस्तीने पंचवीस टक्के पालकांची एकजूट आवश्यक केली. सवलतीत आलेल्या मुलीचा बाप फी भरणाऱ्या पालकांच्या सह्या गोळा करीत हिंडेल, अशी कल्पना ज्यांनी केली ते कोणत्या शाळेत शिकले असावेत?

आणि आणखी एक तारीख. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 6 प्रमाणे प्रत्येक वस्तीजवळ शाळा उभी करण्याची जबाबदारी राज्यशासन आणि स्थानिक प्राधिकरण यांच्यावर आहे. ती पार पाडण्याची मुदत तीन वर्षांची होती, 31 मार्च 2013 रोजी संपणारी. त्याच वर्षाच्या आरंभी, मुदत संपायला अवघे काही आठवडे उरले असताना, महाराष्ट्राने ऐपतवाल्यांना कुठेही शाळा काढण्याचा कायदा राजपत्रात आणला. 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या जवळपास पंधरा हजार शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचे पत्र शिक्षण आयुक्तालयातून निघाले, त्यात कलम 6 ची आठवणही पुसट झालेली दिसते.

कलम 6 रद्द झालेले नाही. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर, हे अंतर राज्याच्या नियमांत आजही लिहिलेले आहे. कळमन्याच्या बाजाराच्या फाटकापासून ते मोजायला एक दोरी आणि चार विद्यार्थी पुरतात. कोणत्या मोहल्ल्यातून किती मुले कुठल्या शाळेत जातात, वाटेत रेल्वेचे रूळ किती ठिकाणी ओलांडतात, महानगरपालिकेच्या शाळेत किती वर्गांना शिक्षक आहे, आठवीनंतर किती मुली घरी बसल्या, ही यादी वस्तीतल्या दोन-तीन शिक्षकांनी मनावर घेतले तर एका उन्हाळ्याच्या सुटीत तयार होईल. ती महानगरपालिकेच्या आयुक्तांच्या नावे द्यायची. त्या अर्जाला जमिनीचा कागद लागत नाही, ठेव लागत नाही. अर्जदार म्हणून वस्तीचे नाव लिहायचे आणि आवक क्रमांक घ्यायला विसरायचे नाही.